रानलसणाची टोपली

मी टोपली बोलतेय. वेताची नाही, बांबूची नाही, वाळुंजाच्या फोकांची. माझं तोंड जन्मापासून एका अंगाला वाकडं आहे आणि बुडाला एके ठिकाणी निळी नायलॉनची सुतळी गुंडाळलेली आहे. वाकडेपणा विगोचा, सुतळी टॉर्बेनची. आता मी एका जुन्या कोटाशेजारी खुंटीला टांगलेली असते. वर्षातून एकदा खाली उतरते, एक लहानशी फेरी मारून येते आणि पुन्हा खुंटीवर जाते. ही गोष्ट त्या फेरीची आहे.

विगो डेअरीच्या दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. त्याचं घर उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या फ्यून बेटाच्या दक्षिण टोकाला. मागच्या फाटकातून बाहेर पडलं की शेत, शेताच्या पलीकडे बीच वृक्षांचं जंगल आणि जंगल संपलं की खाडीचं पाणी. घराजवळच्या ओढ्यावर वाळुंज माजले होते. एका हिवाळ्यात विगोने त्यांचे फोक कापून आणले आणि मऊ पडावेत म्हणून न्हाणीघरातल्या टबात भिजत घातले.

“घरात कुणाला अंघोळ नाही की काही नाही,” त्याची बायको अस्टा म्हणाली. “आणि एवढं करून काय, तर टोपली! दुकानात मिळत नाहीत का?”

“दुकानातल्या टोपलीत तुझा लसूण शोभायचा नाही.”

“आणि हिच्यात शोभेल? बदकाने घरटं अर्धवट टाकून दिल्यासारखी दिसतेय.”

म्हणाली खरी असं, पण त्यानंतर तिने दुसरी टोपली कधी हातात धरली नाही. माझ्यात नवे बटाटे आले, अंडी आली, एकदा मांजरीने पिल्लंही घातली. त्यांची मुलगी डॉर्ते लहान असताना शाळेतल्या बाईंना द्यायला माझ्यात फुलं भरून घेऊन गेली. इवल्या पांढऱ्या घंट्यांची लिली असते ना, ती. संध्याकाळी अस्टाने मला ब्रश घेऊन घासून घासून धुतलं.

“फुलंच तर होती,” डॉर्ते फुरंगटून म्हणाली.

“फुलं दिसायला गोड आहेत गं, पण त्या झाडाचं पान पोटात गेलं तर हृदय बंद पडतं. या टोपलीत आपलं खाणं असतं.”

ते मी विसरले नाही. टोपलीला नाक नसतं, पण जे जे आत ठेवाल त्याचा वास फोकांमध्ये मुरतो. लसूण कुठला आणि लिली कुठली, हे मला अंगाने कळतं.

मे महिना लागला की एखाद्या सकाळी अस्टा मागच्या फाटकाशी उभी राहून जंगलाकडे बघायची. रात्रीतून झाडांवर हिरवी लव चढलेली असायची. मग ती घरात येऊन ओडेन्स शहरात राहणाऱ्या लेकीला फोन लावायची आणि एकच शब्द बोलायची: “फुटला.” बीच फुटला. एवढ्यावर फोन ठेवून द्यायची. पुढच्या रविवारी डॉर्ते, तिचा नवरा टॉर्बेन आणि त्यांची लेक सिल्ये गाडीतून हजर.

फेरी तशी काहीच नव्हे. शेताच्या बांधाने जायचं, कुंपणाची पायरी ओलांडायची, जंगलातून उतरत खाडीकाठच्या बाकावर बसायचं आणि दुसऱ्या वाटेने परत. मध्ये अस्टाची जागा. तिथे जमीन रानलसणाच्या पानांनी झाकलेली असे. बाकीच्यांनी ओंडक्यावर बसायचं, तोडणार एकटी अस्टा. पहिलं पान ती बोटांत चुरगळायची, हुंगायची आणि मग बोटं प्रत्येकाच्या नाकाखाली धरायची. त्यानंतर दर मुठीला वास. मूठ नाकाशी गेल्याशिवाय माझ्यात पडत नसे.

मग बाकावर राईच्या काळ्या पावाचे तुकडे, वर उकडलेलं अंडं आणि अंड्यावर रानलसणाचं अख्खं पान. पहिला घास घरातल्या सगळ्यात लहान माणसाचा. सिल्येला तो वास मुळीच सोसत नसे. दोन बोटांनी नाक दाबून, डोळे मिटून ती घास गिळायची आणि सगळे हसायचे.

“आई, तुमचा हा लसूण मंगळवारपर्यंत माझ्या ऑफिसात बसून असतो,” टॉर्बेन दरवर्षी म्हणायचा.

“मग बुधवारी त्याला कामाला लाव,” विगो दरवर्षी उत्तर द्यायचा.

परत फाटकाशी आले की सगळे एकमेकांना म्हणायचे, “आभार हं, आजच्या फेरीबद्दल.” ही माणसं फार आभारी. ताटावरून उठताना जेवणाचे आभार मानतील, निघताना दिवसाचे मानतील आणि पुढे कधी भेटली तर दारातच मागच्या भेटीचे मानतील. हे इतकं अंगवळणी पडलेलं की कुणी म्हटलं तर ऐकूही जात नाही. मात्र म्हटलं नाही तर सगळ्यांना ऐकू जातं.

विगो गेला तो एका पानगळीत. त्याचा कोट मागच्या दाराशी, माझ्या शेजारच्या खुंटीवर, तसाच राहिला. रोज संध्याकाळी दाराला कडी घालायला आली की अस्टा त्या कोटाच्या गळ्यात तोंड खुपसून क्षणभर उभी राहायची. मग दिवा मालवून जायची. याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. मला काही वाटायचं नाही, उलट बरं वाटायचं.

त्याच हिवाळ्यात तिला ताप आला. चांगला मोठा. उठली तेव्हा हाडं आणि डोळे तेवढे राहिले होते. एका संध्याकाळी ती नेहमीसारखी कोटापाशी आली, तोंड खुपसलं आणि मागे झाली. पुन्हा खुपसलं. मग बाही हुंगली, अस्तर हुंगलं, आतला खिसा उलटा करून हुंगला. कोट खुंटीवरून काढून खिडकीशी नेला, जणू वास उजेडात सापडणार होता. मग परत आणून टांगला आणि त्याच्याखाली जमिनीवर बसली. रडली नाही. दाराला कडी घालायचीही राहून गेली.

तेव्हापासून चुलीवर दूध उतू जाऊन करपायचं आणि ती शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेली असायची. हे कुणाला सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं आणि त्याला कारण होतं. डॉर्ते आधीच मागे लागली होती: “आई, लाकडांची शेगडी, गॅसची चूल आणि तू एकटी. आमच्याजवळ एक छोटी जागा बघू. खाली दुकान, बाजूला डॉक्टर.” नाक गेलं हे कळलं असतं, तर घर गेलं असतं. घर गेलं असतं तर फाटक, जंगल, फेरी, सगळंच. तेव्हा अस्टा गप्प राहिली.

आणि मे आला. अस्टाने फोन लावला. “फुटला.”

रविवारी सगळे आले. फेरी नेहमीच्या वाटेने निघाली. पुढे अस्टा, तिच्या हातात मी. तिच्या जागेवर पोचल्यावर तिने पहिलं पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

“हं! आला.”

मग बोटं एकेकाच्या नाकाखाली धरली. ते पान खरंच रानलसणाचं होतं. टॉर्बेन म्हणाला, “झालं, माझा मंगळवार गेला.” विगोचं उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

पहिल्या काही मुठी लसणाच्या होत्या. मग अस्टा उतारावरून जरा खाली, ओहोळाच्या काठाला गेली. तिथली मोठी झाडं त्या हिवाळ्यात तोडली होती. उजेड आत आला होता आणि उजेडापाठोपाठ घंट्यांची लिली शिरली होती, लसणाच्या पानांत पानं मिसळून. फुलं अजून यायची होती. रानलसणाचं प्रत्येक पान जमिनीतून एकेकटं येतं. लिलीची पानं जोडीने येतात, एकाच देठात एकमेकांना बिलगून. अस्टाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण हे काम तिने डोळ्यांनी कधी केलंच नव्हतं. जन्मभर ते नाकाने केलं होतं.

तिने मूठ तोडली, सवयीने नाकाशी नेली आणि माझ्यात टाकली.

ती पानं पडली आणि माझ्या अंगावर काटा आला. गार, गुळगुळीत, जोडीजोडीची पानं. वास नाही. पुढची मूठ, तीही तशीच. मी करकरले. टोपलीला तेवढंच येतं. अस्टाने मला या हातातून त्या हातात घेतलं, बस्स.

बाकावर नेहमीची मांडामांड झाली. काळा पाव, अंडं, कॉफीचा थर्मास. अस्टाने माझ्यातून वरचंच एक पान उचललं, अंड्यावर ठेवलं आणि तो तुकडा सिल्येच्या हातात दिला. पान तिने उलटून पाहिलंही नाही. आपल्या जागेवर तिचा एवढा विश्वास होता.

सिल्येने नाक दाबलं, डोळे मिटले, घास तोडला. चावता चावता तिने एक डोळा उघडला. मग नाकावरची बोटं काढली.

“आजी! या वर्षी मस्त आहे गं! वासच नाही याला!”

सिल्ये आनंदाने बोलली होती. टॉर्बेन हसायलाही लागला होता. डॉर्तेच्या हातातला कप मात्र तसाच राहिला.

“थुंक,” ती म्हणाली. मग ओरडली, “थुंक ते! सगळं! सिल्ये, थुंक आधी!”

पोरगी घाबरून थुंकली. डॉर्तेने तिच्या तोंडात बोटं घालून उरलंसुरलं काढलं, पाण्याने पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या. मग मला उचलून उलटं केलं आणि जमिनीवर आपटलं. दगडावर माझं बूड फुटलं. गवतात पानं पसरली आणि त्यातल्या जोड्या आता कुणालाही दिसल्या असत्या.

टॉर्बेनने विषबाधेची माहिती देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. “गिळलं नाही. नाही, थुंकलं. हो, चावलं होतं थोडं... बरं. बरं. लक्ष ठेवतो.” मग लेकीला मांडीवर घेऊन तो तिची नाडी धरून बसला. त्या दिवशी सिल्येला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. पण त्या बाकावर ते कुणाला माहीत नव्हतं.

डॉर्तेने लिलीचं एक पान चुरगळून आईच्या नाकाखाली धरलं. “घे वास.”

अस्टा समोर पाण्याकडे बघत होती.

डॉर्तेने लसणाचं पान शोधलं, चुरगळलं, धरलं. “आणि याचा?”

अस्टाने हुंगलं आणि मान हलवली.

“आई, कधीपासून?”

“त्या कोटातून तुझे बाबा गेले,” अस्टा म्हणाली, “तेव्हापासून.”

डॉर्तेला ते समजलं होतं, पण पोरीची भीती अजून अंगात होती आणि भीतीच बोलली. “आणि तू लपवलंस! मला नाही तर नाही, निदान सिल्येला घास देताना तरी...”

“मला वाटलं, जागा माहीत आहे तेवढं पुरे होईल.”

“पुरे होईल? ती मेली असती, आई.”

“हो,” अस्टा म्हणाली. तिने पावाचे तुकडे कागदात गुंडाळले, फुटल्या बुडाच्या मला काखेत धरलं आणि चालू लागली. परतीच्या वाटेवर ती पहिल्यांदाच सगळ्यांच्या मागे होती.

फाटकाशी डॉर्तेने सिल्येला गाडीत बसवलं. टॉर्बेनने सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. दारं लागली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत अस्टा हात वर करून उभी होती. त्या फेरीचे आभार कुणी मानले नाहीत. ते न बोललेलं घरभर ऐकू येत राहिलं.

नंतर डॉर्ते यायची, वरचेवर यायची. गॅसची चूल गेली, विजेची आली. टॉर्बेनने खोल्याखोल्यांत धूर कळला की किंचाळणारी यंत्रं लावली. औषधं, किराणा, सगळं वेळेवर. पण दारात आल्यावर मागच्या भेटीचे आभार ना लेक मानायची, ना आई. “आलीस?” “आले.” एवढंच. मी फुटक्या बुडाने खुंटीवर लोंबकळत होते आणि शेजारी तो कोट. अस्टा अजूनही रोज संध्याकाळी त्यात तोंड खुपसायची. काही येत नव्हतं, तरी खुपसायची. उलट पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभी राहायची.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी ती फाटकाशी गेली, जंगलाकडे बघून आली. फोनपाशी बसली. हात फोनवर ठेवला आणि काढून घेतला. मग उठून बटाटे सोलायला लागली. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण तशी बसलेली कधी पाहिली नव्हती.

रविवारी गाडीचा आवाज आला. सिल्ये आधी आत धावली. “आजी, फुटलाय की! आम्हाला रस्त्यातूनच दिसला. तू फोन का नाही केलास?”

अस्टा हात पुसत दारात आली. समोर डॉर्ते उभी होती, पायात रबरी बूट घालून, फेरीच्या तयारीने. ती जरा अडखळली.

“आभार, आई,” ती म्हणाली. “मागच्या फेरीबद्दल.”

अस्टाने तिच्याकडे निरखून पाहिलं. “त्या फेरीबद्दल?”

“त्याच. ती झाली नसती तर तू मला कधी सांगितलं असतंस? मी इथे येऊन नुसती चूल बदलून गेले असते.” तिने कोटाकडे पाहिलं. “बाबा तुझ्यासाठी त्या कोटात होते, हे मला माहीतच नव्हतं गं.”

दोघी दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. टॉर्बेनला डोळे कुठे ठेवावेत कळेना. त्याने मला खुंटीवरून काढलं, खिशातून निळी सुतळी काढली आणि पायरीवर बसून माझं बूड बांधायला घेतलं. गाठी बेंगरूळ होत्या, पण घट्ट होत्या.

त्या दिवशी फेरीचा नेम थोडा बदलला. “जागा माझी, नाक तुझं,” अस्टाने सिल्येला सांगितलं. अस्टा तोडायची, मूठ सिल्येच्या नाकाशी न्यायची. सिल्ये तोंड वाकडं करून “ई! लसूण!” म्हणाली की मूठ माझ्यात पडायची. एका मुठीला ती काहीच म्हणाली नाही. अस्टाने ती मूठ मुकाट्याने ओहोळात सोडून दिली. ज्या पोरीला तो वास सोसत नव्हता, तीच आता घरातलं सगळ्यात विश्वासाचं नाक झाली होती.

परत आल्यावर मला खुंटीला अडकवता अडकवता अस्टा थांबली. तिने शेजारचा कोट काढला आणि सिल्येपुढे धरला.

“यात बघ गं जरा. काही येतंय का?”

सिल्येने कोटाच्या गळ्यात तोंड घातलं. बराच वेळ ती आतच होती. अस्टाने श्वास रोखून धरला होता. मला ते कळत होतं, कारण तिच्या दुसऱ्या हातात मी होते.

“तंबाखू,” आतून आवाज आला. “आणि डिझेल. आणि... ओलं लाकूड. आणि शिळं दूध, थोडंसं.”

अस्टाने भिंतीला हात टेकला. “आहे म्हणजे अजून,” ती म्हणाली. मग रडली, त्या तापाच्या हिवाळ्यात रडायचं राहिलं होतं ते सगळं. डॉर्तेने तिला आवरलं नाही.

पुढे अस्टा आणखी काही वर्षं त्याच घरात राहिली. दर मे महिन्यात सिल्ये आधी लसूण हुंगायची, मग कोट. तंबाखू हळूहळू विरत गेला, दूध गेलं, डिझेल मात्र शेवटपर्यंत टिकलं. मग एका उन्हाळ्यात अस्टाही गेली. चर्चमागे विगोच्या शेजारी तिची जागा आहे. त्या दगडावर दोन नावं आणि खाली इकडे बहुतेक दगडांवर असतात तेच शब्द: सगळ्याबद्दल आभार. मी तिथे गेले आहे. माझ्यात फुलं नेली होती. लिली नव्हे, दुसरी.

घर विकलं. मी आणि कोट ओडेन्सला आलो. माझे फोक आता सुकलेत, हात लावला की कुरकुरतात. पण बीच फुटला की डॉर्ते मला खाली काढते. आता गाडी चर्चपाशी लावून तिथून चालत जावं लागतं. सिल्ये उंच झाली आहे, पुढे ती असते. तोडतेही तीच, आणि दर मूठ नाकाशी नेऊनच माझ्यात टाकते. एक मूठही सुटू देत नाही.

माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. तुमच्या घरात कुणाचं काही हरवलं असेल, नाक, कान, आठवण, तर त्यांना ते लपवून ठेवायची वेळ आणू नका. त्यांना जागा ठाऊक असते. तुम्ही फक्त शेजारी चाला.

परवाची गोष्ट. या वर्षीची फेरी करून आलो, सिल्येने मला खुंटीला अडकवलं आणि सवयीने कोटात तोंड घातलं. बराच वेळ ती आत होती. स्वयंपाकघरातून डॉर्तेने विचारलं, “काय गं, आहेत का बाबा?”

“थोडेसे,” सिल्ये म्हणाली. “पण आई, आता यात आजीचा वास येतोय.”

डॉर्ते हातातलं काम टाकून आली. त्या दोघी कोटापाशी उभ्या होत्या आणि शेजारी मी.

इथवर माझ्यासोबत चाललात. आभार हं, आजच्या फेरीबद्दल.